मुलांसोबत स्वयंपाक: कोणती आयुधं खरंच कामाची?

पोफळी

नमस्कार मंडळी. मे महिन्यात आमच्याकडे भाचरं येतात. धाकटा ५ वर्षांचा, मधली ८ आणि मोठा १२. आंबे, समुद्र आणि पत्ते यांचा आठवडाभरात कंटाळा येतो आणि मग तिघंही स्वयंपाकघरात घुसतात. यंदा म्हटलं, हाकलून देण्यापेक्षा कामालाच लावू.

घर गुहागरजवळ, जुनं. ओटा नंतर बांधलेला आणि चांगला उंच आहे. आईचं निम्मं काम अजून खाली पाटावर बसून चालतं. विळी, खवणी सगळं जमिनीवर. मागच्या पडवीत चूल आहे, ती न्हाणीच्या पाण्यासाठी आणि कधीमधी फणसाच्या आठळ्या भाजायला.

ऑनलाइन 'लहान मुलांचा किचन सेट' दिसतोय. प्लास्टिकच्या सुऱ्या, बारकं लाटणं, टोपी, एप्रन. घ्यावा का? की दुसरं काही सुचवाल? कुणी खरंच मुलांना घेऊन रांधत असेल तर अनुभव सांगा. नुसतं 'लक्ष ठेवा' नको, ते मी ठेवणारच आहे.

मेतकूटभात

पोफळीताई, सेट घेऊ नका. टोपी आणि एप्रनचे पैसे जातात. त्यातली एकच वस्तू कामाची असते, ती नायलॉनची दातेरी सुरी, आणि ती सुटी मिळते. पाच वर्षांच्या भाच्याला तीच द्या. केळं, उकडलेला बटाटा, पनीर, काकडीच्या फोडी, पिकलेल्या पपईचे तुकडे एवढं तिने होतं. गाजर, कच्चा बटाटा, कैरी तिने कापायला देऊ नका. मूल मग सगळं अंग टाकून जोर लावतं, आणि सुरी घसरते ती जोर लावल्यावरच.

आठ वर्षांच्या मुलीला मी खरी सुरी देईन. लहान, साधारण बोटाएवढ्या पात्याची, मूठ जाड, आणि हो, धार असलेली. घरातली बोथट झालेली सुरी 'पोरांना चालेल' म्हणून देतात, ते उलटं आहे. धारेची सुरी फोडीतून सरळ खाली जाते, बोथट सुरी टोमॅटोच्या सालीवरून सरकून बोटावर येते.

दोन पकडी शिकवा. एक पुलाची: अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला, मधल्या कमानीखालून सुरी. दुसरी वाघाच्या पंजाची: बोटांची टोकं आत वळवलेली, पेरं पुढे. मुलांना वाघ पटकन समजतो.

आणि सगळ्यात स्वस्त आयुध म्हणजे ओलं फडकं. कापायच्या पाटाखाली पिळून अंथरा, पाट जागचा हलत नाही. बाजारात रबरी पायांचे पाट मिळतात, पण फडकं जास्त घट्ट धरतं असं माझं मत.

तवसं (मोठी काकडी) कापायचं असेल तर मोठ्यांनी आधी उभं दोन भाग करून सपाट बाजू खाली करून द्यायचं. गोल वस्तू मुलांच्या हातात गोल असताना द्यायचीच नाही. हा नियम कांदा, बटाटा, लिंबू सगळ्याला.

खाडीकाठ

वाचतेय. माझाही मुलगा सात वर्षांचा, सगळ्यात नाक.

बंदरकर

पोफळीताय, आडाळो (विळी) पोरांच्या समोर नको म्हणजे नको. आमच्या घराक काम झाला काय आडाळो मिटून, भितीकडे तोंड करून कोनाड्यात जाता. माझो झिल सहावीत हा, तेका मी आत्ता खय शिकवक लागलंय, ता पण फक्त भेंडी.

मेतकूटभात

बंदरकर, मिटून ठेवण्याबद्दल शंभर टक्के अनुमोदन. न मिटणाऱ्या जुन्या विळ्या अजून घराघरात आहेत, त्या मे महिन्यापुरत्या माळ्यावर टाका.

पण विळी म्हणजे नुसता धोका असंही नाही. पातं जागेवर स्थिर असतं आणि पाट पायाखाली दाबलेला, त्यामुळे दोन्ही हात वस्तू धरायला मोकळे. बारा वर्षांच्या मुलाला बसून शिकवली तर जमते. खरी भानगड विळीवर बसलेल्या माणसाची नाही, बाजूने धावणाऱ्याची आहे. जमिनीवर उभं पातं आणि घरात तीन मुलं पळतायत, हे गणित जमत नाही. मुलं अंगणात असताना मोठ्याला शिकवा, किंवा सगळ्यांना बसवून.

पोफळी

खवणीचं काय? नारळाशिवाय आमच्याकडे पान हलत नाही, आणि तिघांनाही नारळ खवायचाच असतो.

हळदीचं पान

ताई, ओट्याला चिकटणारी, हँडल फिरवायची खवणी येते. खाली रबराची वाटी असते, खटका दाबला की हवा निघून ती घट्ट बसते. गुळगुळीत फरशी किंवा ग्रॅनाइटवरच चिकटते, शेणाच्या जमिनीवर किंवा लाकडावर नाही. मधलं दातेरी डोकं फिरतं, त्यावर करवंटी दाबून धरायची. दोन मुलांना एकत्र लावू नका, म्हणजे एक हँडल फिरवतोय आणि दुसरा वाटी धरतोय असं नको, लय चुकते आणि बोटं आत जातात. एकानेच दोन्ही करायचं. आठ वर्षांच्या मुलीला जमेल, पाचवाल्याला नाही. वाटीतलं खोबरं संपत आलं की काठाला बोटं दात्यांजवळ येतात, तेव्हा ती मोठ्यांकडे द्यायची. काठाचं उरलेलं खोबरं सुरीने काढून वाटणात टाका, वाया जात नाही.

किसणीलाही हेच. शेवटचा तुकडा किसायचा नाही, खाऊन टाकायचा. माझ्या घरी या नियमावर मुलं खूश असतात, गाजराचे मुद्दाम मोठे तुकडे उरवतात!

तवसं किसून धोंडस (काकडीचा गोड केक) करा मुलांसोबत. किसणं, रवा मोजणं, गूळ कालवणं, सगळं थंड काम. भाजायला ठेवणं तेवढं तुमच्याकडे.

वॉर्ड नंबर ४

मी परिचारिका आहे, सिंधुदुर्गात. सगळे सुऱ्यांबद्दल बोलताय म्हणून लिहिते. सुरीने कापलेलं बोट बहुतेक वेळा पट्टीने बरं होतं. लहान मुलं आमच्याकडे येतात ती भाजून, आणि त्यातही ज्वाळेने कमी, गरम पाण्याने, चहाने, आमटीने, पेजेने जास्त. लहान मुलाची कातडी पातळ असते. ६० अंशाचं पाणी काही सेकंदांत खोल भाजतं, आणि आपला चहा त्याहून गरम असतो.

त्यामुळे आयुधांची यादी करताना पहिलं नाव पकडीचं घ्या. पकड आणि सांडशी जुनी झाली की जबडा ढिला होतो आणि पातेलं अर्ध्या वाटेत फिरतं. घरातली पकड एकदा पाण्याने भरलेलं पातेलं उचलून तपासा. ढिली असेल तर फेकून द्या, 'अजून चालतेय' करू नका. आणि पकडीने भांडं उतरवण्याचं काम मुलांचं नाहीच, बारा वर्षांच्या मुलाचंही नाही. मुलांनी ढवळायचं, टाकायचं, चाखायचं. उतरवायचं मोठ्यांनी.

कुकरचं झाकण मोठ्यांनीच. आत तापमान १२० अंशांच्या आसपास असतं, वरचं वजन उचलल्यावर फुस्स आवाज यायचा पूर्ण थांबेपर्यंत उघडायचं नाही. मोदकपात्राचं झाकण उघडताना आपल्यापासून लांबची कड आधी वर, म्हणजे वाफ पलीकडे जाते. वाफ उकळत्या पाण्याहून वाईट भाजते, कारण अंगावर तिचं पाणी होताना साठलेली उष्णता कातडीत उतरते. हे मुलांना नुसतं सांगू नका. उघडणारा हात तुमचा असू दे आणि त्यांना दोन पावलं लांब उभं करून वाफ कुठे जाते ते बघू दे.

भाजलंच तर: नळाचं वाहतं पाणी, २० मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, तूप-हळद नाही. बांगड्या, दोरे सूज यायच्या आधी काढा. फोड फोडू नका. मुलाच्या स्वतःच्या तळहाताएवढा भाग, बोटांसकट, म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. त्याहून मोठं, किंवा तोंड, हात, सांधे यांच्यावर असेल तर दवाखाना. १०८ लावा. गावात नळाला पाणी नसतं म्हणतात, तर तांब्याने हंड्यातलं पाणी सतत ओतत राहा, तेही चालतं.

खाडीकाठ

हे छापून फ्रिजवर लावते. २० मिनिटं हे मला माहीतच नव्हतं, मी दोन-तीन मिनिटांत थांबले असते.

आगळ

एवढं सगळं? आमच्या आजीने आम्हा सात भावंडांना चुलीपुढे बसवून भाकऱ्या थापायला लावल्या. ना सिलिकॉनचे मोजे, ना नायलॉनच्या सुऱ्या. काही झालं नाही कुणाला.

वॉर्ड नंबर ४

आगळकाका, तुम्हाला झालं नाही हे चांगलंच आहे. ज्यांना झालं त्यांच्या पाठीवरचे, हातावरचे डाग मी बघते, त्यातले बरेच आता तुमच्याच वयाचे आहेत.

आगळ

मान्य. माझ्या म्हणण्याचा रोख वेगळा होता. आजीने आम्हाला बसवलं होतं, हे विसरू नका. बसलेलं मूल पडत नाही, हातातलं भांडं पायावर सांडत नाही. उंच ओट्यापाशी खुर्चीवर चढवलेल्या मुलापेक्षा पाटावर मांडी घालून बसलेलं मूल मला सुरक्षित वाटतं. त्याला परात द्या, पीठ द्या, वाटाणे सोलायला द्या. पोफळीबाईंच्या घरी ही सोय आधीच आहे.

पोफळी

काका, हे पटलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, मी कधीपासून हेच सांगतेय! पण मग शेगडी पण खाली घ्यावी का? एक जादा दोन बर्नरची पडून आहे.

बाव

नाही! ताई, शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावरच हवी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीलगत साचतो. सिलिंडरच्या शेजारी जमिनीवर शेगडी म्हणजे साचलेल्या गॅसच्या मधोमध ज्योत. जमिनीवर बसून थंड काम करा, तापायचं काम ओट्यावर. नारिंगी नळीवर मुदत छापलेली असते ती बघा, साधारण पाच वर्षांनी नळी बदलायची. वास आला तर दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद, बटण दाबायचं नाही, चालू दिवा बंदही करायचा नाही. बाहेर येऊन १९०६ ला फोन. बारा वर्षांच्या भाच्याला रेग्युलेटर बंद करायला शिकवा, मोठ्या कामाचं आहे.

ओट्यापाशी उभं करायचं तर प्लास्टिकचं स्टूल नको, हलतं. रुंद बुडाचा लाकडी चौरंग घ्या, उंची अशी की मुलाचं कोपर ओट्याच्या थोडं वर येईल. आणि शेगडीसमोर नाही, सिंकच्या बाजूला.

हळदीचं पान

इंडक्शनबद्दल कुणी बोललं नाही. ज्वाळा नाही, फ्रॉकला, ओढणीला आग लागायची भीती नाही, भांडं उचललं की बंद पडते. माझी मुलगी घावणं घालायला त्यावरच शिकली. बिडाचा तवा चालतो. तांब्या-पितळेची आणि जर्मनची (ॲल्युमिनियमची) भांडी चालत नाहीत, तळाला चुंबक चिकटला तर चालेल असं समजा. एकच लक्षात ठेवा, बंद केल्यावरही वरची काच भांड्याच्या उष्णतेने बराच वेळ तापलेली असते. मुलांना ती विझलेली दिसते, म्हणून हात ठेवतात. आमच्याकडे बंद केली की काच निवेपर्यंत मी शेजारी उभी राहते, निवाल्यावरच त्यावर एक लाल रुमाल ठेवते.

बाव

आणि वळवाचा पाऊस आला की वीज जाते, घावणं अर्ध्यात राहतं :)

हळदीचं पान

तेही आहे. मग बाकीची गॅसवर मीच घालते.

बिडाचा तवा जड असतो आणि कान सारखा तापतो, म्हणून तो हलवायचा नाही. मुलीने डावाने पीठ ओतायचं, तेल लावायचं. तेल लावायला नारळाच्या शेंडीचा कुंचा छान, पण आखूड असतो. लांब दांडीचा सिलिकॉनचा ब्रश घेतला, हात तव्यापासून वीतभर लांब राहतो. हा एक खर्च मला खरंच वसूल वाटला. सिलिकॉनचे मोजे मात्र मोठ्या मापाचे येतात, मुलांच्या हातात ढिले, त्यांनी धरलेली वस्तू सटकते. नकोच.

बंदरकर

मासळीचा कोण बोललाच नाय. कोळंबी सोलूक पोरांक द्या, पण डोकी आधी काढून. डोक्यावरचो काटो बारीक बोटांक टोचता. शिंगाळा तर पोरांच्या हाताक लावूकच देऊ नका, तेच्या काट्याक ईख (विष) असता, म्हातारे कोळी पण जपान धरतत. आणि मासळीचो पाट येगळो ठेवा, पोरां हात चाटतत.

मेतकूटभात

बंदरकरांचा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. मासळी आणि चिकनला वेगळा पाट, त्यावर मुलांची कोशिंबीर नाही. लाकडी पाट पावसाळ्यात बुरशी धरतात, वापरून झाला की उभा टेकवून वाळवा. मे महिन्यात उन्हात ठेवला की प्रश्नच नाही.

खाडीकाठ

मे महिना म्हणजे काजू. मुलांना ओले काजूगर काढायचे असतात, ते चालेल का?

आगळ

नको. काजूच्या सालातलं तेल कातडी जाळतं, काळे डाग आणि फोड. आम्ही हाताला खोबरेल आणि राख लावून काढायचो, तरी दोन दिवस बोटं सोलायची. सोललेले गर मुलांना द्या, वरची पातळ साल पाण्यात भिजवून काढू दे. फणसाला मात्र मुलांना घ्या. कापायचं तुम्ही, हातांना आणि सुरीला भरपूर खोबरेल, मग गरे काढायला बसवा. चीक लागला तर पाणी लावून घासायचं नाही, आधी तेल, मग साबण. मिरची हाताळल्यावरही हाच क्रम. तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो.

पोफळी

उकडीच्या मोदकांचं कसं? गणपतीत पुन्हा तिघं येणार आहेत. आत्ता सराव करून घेऊ म्हणते.

हळदीचं पान

साचा घ्या. तीन पाकळ्यांचा, मिटणारा. साच्याच्या मोदकाला नाक मुरडणारे मुरडोत, पाच वर्षांच्या मुलाला साच्यात सारण भरताना बघा एकदा. साचा आतून तुपाने पुसून घ्यायचा.

दोन गरम जागा आहेत. उकड मळताना तुम्ही वाटीच्या बुडाने रगडा, हात लावण्याजोगी निवली की मगच मुलांकडे. आणि सारण. वितळलेला गूळ बोटाला चिकटून राहतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही, म्हणून तो जास्त खोल भाजतो. सारण सकाळीच करून ताटात पसरून ठेवा, मुलांच्या हाती येईतो गार.

शिरवाळ्यांचा (तांदळाच्या शेवयांचा) लाकडी शेवगा, म्हणजे दाबायचा साचा, असेल तर काढा. उंडे (उकडलेल्या पिठाचे गोळे) गरमच दाबावे लागतात, पण लाकूड तापत नाही. उंडा तुम्ही घाला, दांडा दाबायला दोन पोरं लोंबकळू द्या. खालच्या ताटाजवळ कुणी नको.

मेतकूटभात

मिक्सरबद्दल एकच. गरम वाटण बंद भांड्यात फिरवलं की आत वाफ फुगते आणि झाकण उडतं. कांदा-खोबऱ्याचं वाटण गार करूनच. आणि दोरी ओढायचा चॉपर मुलांना खेळण्यासारखा वाटतो. ओढायला द्या, उघडायला आणि धुवायला नाही. त्याची पाती कुठल्याही सुरीपेक्षा वाईट कापतात, आणि साबणाच्या पाण्यात दिसत नाहीत. पात्याची वस्तू सिंकमध्ये सोडायची नाही, हाही घरचा नियम करा.

खाडीकाठ

लहान लाटणं-पोळपाट कुठे मिळेल? सावंतवाडीला जाणं होतं.

आगळ

चितारआळीत लाकडी खेळणी आणि भातुकली सुरेख मिळते, पण ती रंगवलेली असते, शोभेची. पिठाला लावायला नको. तिथेच बिनरंगाचं, साधं लाकडी लाटणं मागा. बारीक नको, मधून जाड आणि टोकांना निमुळतं घ्या, मुलांच्या पंजाला फिरवायला सोपं जातं.

पोफळी

खूप आभार सगळ्यांचे. एक राहिलंच. मधली भाची डावखुरी आहे. तिला सोलाणं वापरता येत नाही, बटाटा सोलताना उलटा हात करते.

मेतकूटभात

मग घरातलं सोलाणं सुरीसारखं सरळ, एकाच बाजूला धार असलेलं असणार. ते उजव्या हातासाठीच असतं. बेचकीच्या आकाराचं, आडव्या पात्याचं घ्या, त्याला डावं-उजवं नसतं. बटाटा पाटावर टेकवून, वरून खाली, आपल्यापासून लांब सोलायचा. दातेरी सुरी घेतानाही पातं बघा. काहींचे दाते एकाच बाजूने घासलेले असतात, डाव्या हातात ती सुरी तिरकी जाते. दोन्ही बाजूंनी सारखी घासलेली मागा, दुकानदार बाहेर काढून दाखवतात.